एक बटण दाबलं की बाकीची सुटायला हवीत: हा हिशेब ठेवायचा कुठे?

कोरीपाटी
नमस्कार. जावा शिकते आहे. हात बसावा म्हणून स्विंग (जावातली खिडक्या-बटणांची लायब्ररी) वापरून चित्रं काढायचा एक छोटा प्रोग्रॅम लिहायला घेतला. वर टूलबार, त्यावर चार टॉगल बटणं (दाबली की दाबलेलीच राहणारी): पेन्सिल, रेघ, चौकोन, खोडरबर. एका वेळी एकच साधन हातात असणार, म्हणजे एक बटण दाबलेलं आणि बाकीची तीन सुटलेली दिसायला हवीत.

मी सरळ रस्ता धरला. प्रत्येक बटणाच्या लिसनरमध्ये (बटण दाबलं की चालणाऱ्या कोडमध्ये) तीन ओळी, उरलेल्या तिघांना बंद करणाऱ्या. चाललं. मग वर्तुळ आलं. त्याच्या लिसनरमध्ये चार ओळी लिहिल्या आणि चालवून पाहिलं: रेघ दाबलेली होती, वर्तुळ दाबलं, रेघ सुटली. खूश झाले. काल रात्री मात्र वर्तुळावरून पेन्सिलीवर गेले तर दोन्ही बटणं दाबलेली! माऊस ओढला की पेन्सिल उमटते आणि सोडला की त्याच जागी वर्तुळ. जुन्या चार लिसनरांत वर्तुळ बंद करायची ओळ घालायची राहिली होती, हे सापडायला पाऊण तास गेला.

ओळी घातल्या, आता ठीक आहे. पण अजून पाच साधनं घालायची आहेत. दर वेळी सगळीकडे हात घालावा लागणार असेल तर मुळातच काहीतरी चुकतंय असं वाटतं. एकमेकांना वगळणाऱ्या बटणांचा हिशेब अनुभवी लोक कुठे ठेवतात?

जुनाखटका
चुकतंय खरं, आणि पाचव्याच साधनाला ते तुमच्या लक्षात आलं हे फार बरं झालं. चार बटणांना बारा ओळी, पाचांना वीस, दहांना नव्वद. त्यातली एक जरी राहिली तरी तुमच्यासारखी रात्र जाते.

स्विंगमध्ये याचसाठी बटनग्रुप नावाचा क्लास आहे. एक बटनग्रुप तयार करा, पाचही टॉगल बटणं त्यात अ‍ॅड करा आणि त्या वीस ओळी पुसून टाका. एक बटण निवडलं गेलं की आधीचं ग्रुप स्वतः सोडवतो. रेडिओ बटणांसाठी आहे असं लोक समजतात, पण टॉगल बटणं आणि मेनूतली रेडिओ बटणंही त्यात चालतात. साधं जेबटन घालून मात्र उपयोग नाही, कारण त्याला दाबून राहण्याची अवस्थाच नसते.

अवांतर: रेडिओ बटण हे नाव गाड्यांतल्या जुन्या रेडिओवरून आलं. स्टेशनांची बटणं ओळीने असायची. एक आत दाबलं की आधी दाबलेलं खटकन बाहेर यायचं. तिथे हे काम आतली यांत्रिक रचना करायची, एकेका बटणाला शेजाऱ्यांची माहिती नसायची. तुमच्या लिसनरांनी शेजाऱ्यांची चौकशी करणं बंद करायचं, एवढंच.

कोरीपाटी
केलं! वीस ओळी गेल्या, पाच आल्या. मात्र मध्ये एक गंमत झाली: मी ग्रुपच पॅनेलमध्ये अ‍ॅड करायला गेले आणि कंपायलरने अडवलं.

आता दोन प्रश्न. (१) सुरुवातीला एकही बटण दाबलेलं नसतं आणि तेव्हा कॅनव्हासवर क्लिक केलं की नल पॉइंटर एक्सेप्शन (नसलेली वस्तू वापरल्याची एरर) येतं. (२) मी आयटमलिसनर (बटणाची अवस्था बदलली की जागा होणारा लिसनर) लावला आहे. साधन बदललं की त्यातला निरोप दोनदा छापला जातो. ग्रुप दोनदा काम करतोय का?

जुनाखटका
बटनग्रुप दिसणारी वस्तू नाही, त्यामुळे तो पडद्यावर ठेवता येत नाही. बटणं कुठल्याही पॅनेलमध्ये असू द्यात, दोन वेगळ्या पॅनेलांत असली तरी चालतील. मांडणी वेगळी, नातं वेगळं.

(१) ग्रुप आपण होऊन काही निवडत नाही. पेन्सिल आधीच निवडून द्या. एकदा एक निवडलं गेलं की वापरणाऱ्याला ‘काहीच नाही’कडे परत जाता येत नाही. दाबलेल्या बटणावर पुन्हा क्लिक केलं तरी ते दाबलेलंच राहतं. कोडमधून सगळी सोडवायची असतील तर क्लिअरसिलेक्शन आहे, जावा ६ पासून.

(२) दोनदा येणारच. एक निरोप सुटलेल्या बटणाचा, एक दाबल्या गेलेल्याचा, आणि याच क्रमाने: आधी जुनं सुटतं, मग नवं लागतं. इव्हेंटला (लिसनरकडे आलेल्या निरोपाला) स्टेटचेंज, म्हणजे काय बदललं ते, विचारा, सिलेक्टेड असेल तेव्हाच पुढे जा.

ओळीतओळ
वरचं सगळं बरोबर आहे, पण मला दुखणं बटणांच्याही खाली दिसतं. कोरीपाटी, कॅनव्हासला कुठलं साधन चालू आहे हे कसं कळतं? पाच बुलियन (हो किंवा नाही एवढंच ठेवणारी व्हेरिएबल्स) ठेवलेत का? पेन्सिलचालू, रेघचालू, असे?

कोरीपाटी
हो, अगदी तसेच आहेत. पाच बुलियन आणि माऊसच्या कोडमध्ये इफची रांग.

ओळीतओळ
मग वर्तुळ-पेन्सिल एकदम उमटण्याचं खरं कारण तेच. बटणं नुसती चुकीची दिसली असती तर चित्र बिघडलं नसतं.

पाच बुलियनांच्या मिळून ३२ अवस्था होतात. त्यांतल्या तुम्हाला चालणाऱ्या फक्त ५. उरलेल्या २७ अवस्था चुकीच्या आहेत, आणि त्या येऊ न देण्याची जबाबदारी तुम्ही स्वतःच्या लक्षात राहण्यावर टाकली आहे. त्याऐवजी एक ईनम (ठरावीक व्हॅल्यूंची यादी असलेला प्रकार) करा, साधन नावाचा, पाच व्हॅल्यूंचा. आणि एकच व्हेरिएबल: चालूसाधन. एका व्हेरिएबलमध्ये एका वेळी दोन व्हॅल्यू बसतच नाहीत. ‘एका वेळी एकच’ हा नियम मग लिहावाही लागत नाही आणि मोडताही येत नाही.

पुढे क्रम असा ठेवा. बटण दाबलं की लिसनरने एकच काम करायचं: चालूसाधन बदला. ते बदललं की जे जे त्यावर अवलंबून आहे ते बदलेल: बटणं, माऊसचा आकार, खालच्या पट्टीतलं नाव. बटणाने कॅनव्हासला काही सांगायचं नाही, एका बटणाने दुसऱ्याला तर अजिबात नाही. बटण फक्त व्हेरिएबलशी बोलतं आणि व्हेरिएबल सांगेल तसं दिसतं.

मग सहावं साधन घालताना ईनममध्ये एक व्हॅल्यू, टूलबारमध्ये एक बटण आणि त्या साधनाचं स्वतःचं चित्र काढायचं कोड. जुन्या पाचांना हात लावायचा प्रश्नच येत नाही.

कळफलक
+१. मला मात्र हे ठेच लागल्यावरच कळलं. माझ्या कोडमध्ये बटण व्हेरिएबल बदलायचं, व्हेरिएबल बटण बदलायचं, बटणाचा इव्हेंट पुन्हा व्हेरिएबल बदलायचा, आणि शेवटी स्टॅक ओव्हरफ्लो (न संपणाऱ्या फेऱ्यांनी प्रोग्रॅम कोसळणं). उपाय एका ओळीचा आहे: व्हेरिएबल बदलणाऱ्या मेथडमध्ये पहिल्याच ओळीत बघा, जुनी आणि नवी व्हॅल्यू एकच असेल तर परत फिरा. स्विंगची बटणं स्वतः असंच वागतात. दाबलेल्याला पुन्हा दाबलेलं करायला सांगितलं तर आयटम इव्हेंट निघत नाही.

दुसरा खड्डा: अ‍ॅक्शनलिसनर आणि आयटमलिसनर यांतला फरक. वापरणाऱ्याने क्लिक केलं तर दोघांनाही कळतं. कोडमधून सेटसिलेक्टेड केलं तर फक्त आयटमलिसनरला कळतं. मी फाइल उघडताना जतन केलेली निवड बटणावर लावायचो. आयटमलिसनर जागा व्हायचा आणि ‘फाइल बदलली आहे’ अशी खूण करून ठेवायचा. नुसती उघडलेली फाइल बंद करतानाही ‘जतन करायची का?’ असा प्रश्न यायचा. माणसाने केलेला बदल नोंदवायचा असेल तर अ‍ॅक्शनलिसनर लावा.

दोनशब्द
पायथनवाले कुणी वाचत असतील तर: टीकिंटरमध्ये (पायथनमधली खिडक्या-बटणांची लायब्ररी) वेगळा ग्रुप नाहीच, ओळीतओळ म्हणतात तीच रचना मुळात दिलेली आहे. सगळ्या रेडिओबटनांना एकच व्हेरिएबल द्यायचं आणि प्रत्येकाला त्याची वेगळी व्हॅल्यू. ज्याची व्हॅल्यू जुळते ते बटण दाबलेलं दिसतं.

पण पहिल्याच दिवशी मला भूत दिसल्यासारखं झालं. स्ट्रिंगव्हार (अक्षरं ठेवणारं ते व्हेरिएबल) रिकामं ठेवलं आणि विंडो उघडली तर सगळी बटणं एकदम निवडल्यासारखी! कारण असं की बटणाला तिसरी, ‘अर्धवट’ अवस्थाही असते, तिची व्हॅल्यू ट्रायस्टेटव्हॅल्यूमध्ये असते आणि ती डिफॉल्टने रिकामी स्ट्रिंग असते. माझं रिकामं स्ट्रिंगव्हार तिच्याशी जुळत होतं. सुरुवातीला एकही नको असेल तर कुठल्याच बटणाची नसलेली, पण रिकामीही नसलेली व्हॅल्यू टाका.

मधलीओळ
वेबवर काम करते म्हणून तिकडचं लिहिते. एचटीएमएलमध्ये टाइप रेडिओ आणि सगळ्यांना सारखं नेम, एवढ्यावर ग्रुप होतो. नेममध्ये एका अक्षराची चूक झाली की ते बटण ग्रुपबाहेर पडतं, कुठेही एरर येत नाही, आणि पडद्यावर दोन बटणं निवडलेली राहतात. आमच्याकडे एका फॉर्ममध्ये हे बरेच दिवस कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. आणखी एक: व्हॅल्यू द्यायची विसरलात तर सर्व्हरकडे ‘ऑन’ एवढंच जातं. माणसाने काहीतरी निवडलं हे कळतं, काय निवडलं ते कळत नाही.

मला खरं बोलायचंय ते कीबोर्डबद्दल. डिव्ह (पानावरचा साधा कप्पा) आणि सीएसएस (दिसणं ठरवणारी भाषा) वापरून लोक सुंदर गोल बटणं बनवतात. माऊसने ती चालतातही. पण जो माऊस वापरू शकत नाही त्याच्यासाठी ती भिंतीवरची चित्रं आहेत. खऱ्या रेडिओ ग्रुपमध्ये टॅब दाबला की फोकस निवडलेल्या बटणावर येतो, बाणांच्या कळांनी पुढचं-मागचं बटण निवडलं जातं, आणि पुन्हा टॅब दाबला की अख्खा ग्रुप मागे टाकून पुढे जातो. पंधरा पर्यायांसाठी पंधरा वेळा टॅब दाबावा लागत नाही. हे सगळं ब्राउझर फुकट देतो. स्वतः बनवायचं तर रोल रेडिओग्रुप, रोल रेडिओ, एरिया-चेक्ड, टॅबइंडेक्स (बटणाची ओळख आणि अवस्था सांगणाऱ्या खुणा) आणि बाणांचं सगळं कोड तुम्हालाच लिहावं लागतं. म्हणून माझा आग्रह: आत खरं इनपुट ठेवा, दिसणं सीएसएसने हवं तसं बदला. भोवती फील्डसेट (चौकट) आणि लेजंड (तिचं शीर्षक) द्या, म्हणजे स्क्रीनरीडर ऐकणाऱ्याला नुसतं ‘हो’, ‘नाही’ ऐकू न येता कशाचं हो आणि कशाचं नाही तेही कळतं.

आणि कोरीपाटी, तुमच्या टूलबारलाही हे लागू आहे: निवडलेलं बटण फक्त रंगाने वेगळं दाखवू नका. ज्याला तो रंग वेगळा दिसत नाही त्याला कुठलं साधन हातात आहे ते कळणारच नाही. कड जाड करा, बटण आत दबलेलं दाखवा.

कळफलक
‘एकही नाही’ या अवस्थेवर थोडं बोलूया का? मला स्विंगचं वागणं जाचक वाटतं. दाबलेल्या बटणावर पुन्हा क्लिक केलं तर ते सुटावं, इतकं साधं आहे. जावाएफएक्समध्ये (जावाची तशीच दुसरी लायब्ररी) टॉगलग्रुपमधलं टॉगलबटन असंच सुटतं.

मधलीओळ
टॉगलबटन सुटतं, पण त्याच ग्रुपमधलं रेडिओबटन जावाएफएक्समध्येही सुटत नाही, आणि मला ते योग्य वाटतं. गोल बटणावर पुन्हा क्लिक केलं की ते सुटेल अशी कुणाची अपेक्षाच नसते. ‘काही नाही’ हे खरोखर उत्तर असेल तर त्याला स्वतःचं बटण द्या. प्रश्नावलीत तर हे फार जपावं लागतं. आधीच एक पर्याय निवडून ठेवला तर घाईतला माणूस तोच ठेवून पुढे जातो आणि तुम्हाला ते त्याचं मत वाटतं. एकही निवडून ठेवला नाही तर चुकून क्लिक झालेल्याला मागे फिरता येत नाही. म्हणून सुरुवात रिकामी ठेवायची आणि शेवटी ‘सांगायचं नाही’ असा पर्याय द्यायचा.

ओळीतओळ
चित्रांच्या प्रोग्रॅममध्ये ‘काही नाही’ला अर्थच नाही, माऊस नेला की काहीतरी व्हायलाच हवं. उलट यादीला चाळणी (फिल्टर) लावायची बटणं असतील तर पुन्हा दाबून सुटणं सोयीचं पडतं. क्यूटीमध्ये (अशीच आणखी एक लायब्ररी) हे दोन्ही प्रकार वेगळे सांगता येतात: क्यूअ‍ॅक्शनग्रुपला ५.१४ पासून ‘एक किंवा एकही नाही’ असं धोरण देता येतं. क्यूबटनग्रुपला मात्र ती सोय नाही. तिथे सगळी सोडवायची तर आधी एक्सक्लुझिव्ह बंद करायचं, बटण सोडवायचं, मग पुन्हा चालू करायचं.

कोरीपाटी
ईनम केला, पाच बुलियन गेले, इफची रांग जाऊन एक स्विच आला. पण नवी अडचण उभी राहिली. हीच पाच साधनं मेनूमध्येही हवी आहेत. मेनूतून चौकोन निवडला तर टूलबारवर चौकोन दाबलेला दिसायला हवा, आणि उलटही. सगळी दहा बटणं एकाच ग्रुपमध्ये टाकली तर टूलबारचा चौकोन दाबला की मेनूतला सुटतो.

ओळीतओळ
दोन ग्रुप करा, एक टूलबारचा, एक मेनूचा. दोघांनाही दाखवायचं आहे ते एकच चालूसाधन. ग्रुपचं काम आपापल्या ओळीत एकच बटण दाबलेलं ठेवणं, व्हेरिएबलचं काम दोन्ही ओळी जुळवून ठेवणं.

हाताने करायचं नसेल तर स्विंगच्या अ‍ॅक्शनमध्ये (एक कृती आणि तिची माहिती एकत्र ठेवणारी वस्तू) जावा ६ पासून सिलेक्टेड-की, म्हणजे निवडलं आहे का याची नोंद, आहे. प्रत्येक साधनाची एक अ‍ॅक्शन करा आणि तीच टूलबारच्या बटणाला आणि मेनूतल्या बटणाला द्या. एकीकडे निवड बदलली की दुसरीकडे आपोआप उतरते. एकच काळजी: ती की सुरुवातीला नल असते, आणि नल असेपर्यंत बटणं तिच्याकडे बघतही नाहीत. प्रत्येक अ‍ॅक्शनला सुरुवातीलाच ट्रू किंवा फॉल्स घाला.

नादखुळा
माझा प्रश्न जवळचाच आहे म्हणून नवीन धागा न काढता इथेच विचारतो. आवाज ध्वनिमुद्रित करायचा प्रोग्रॅम आहे. तीन बटणं: ‘मुद्रण’, ‘ऐका’, ‘थांबा’. मुद्रण आणि ऐकणं एका वेळी होता कामा नये. तिन्ही बटनग्रुपमध्ये टाकली. बटणं छान चालतात, पण मायक्रोफोन लावलेला नसेल तर ‘मुद्रण’ दाबलेलं दिसत राहतं आणि मुद्रण मात्र होत नाही. दहा मिनिटं बोलून झाल्यावर फाइल रिकामी निघाली तेव्हा फार वाईट वाटलं.

जुनाखटका
ही बटणं वरच्यांसारखी दिसतात, पण जात वेगळी आहे. पेन्सिल निवडणं कधी फसत नाही, क्षणात होतं. मुद्रण सुरू करणं ही कृती आहे: तिला वेळ लागतो आणि ती फसू शकते. बटण दाबलं म्हणजे यंत्र सुरू झालं, असं ग्रुप गृहीत धरतो. इथे ते गृहीत चालणार नाही.

तुमच्या यंत्राच्या अवस्था कागदावर लिहा. थांबलेलं, मुद्रण सुरू होतंय, मुद्रण चालू, ऐकवतंय. चार. त्यांचा ईनम करा आणि बटनग्रुप काढून टाका. ‘मुद्रण’ दाबलं की अवस्था ‘सुरू होतंय’ करा, तेव्हा मुद्रण आणि ऐका दोन्ही निष्क्रिय करा. मायक्रोफोन उघडण्याचं काम वेगळ्या थ्रेडवर (समांतर चालणाऱ्या कामाच्या ओळीवर) टाका, नाहीतर तेवढा वेळ विंडो गोठेल. तो खरोखर उघडला की मगच ‘मुद्रण चालू’. नाही उघडला तर परत ‘थांबलेलं’, आणि का नाही उघडला ते बटणाच्या शेजारी साध्या भाषेत लिहा. बटणांना हात लावायचं काम मात्र स्विंगच्या इव्हेंट थ्रेडवरच, इन्व्होकलेटर (त्या थ्रेडकडे काम सोपवणारी मेथड) वापरून.

आणि ऐकवणं चालू असताना कुणी ‘मुद्रण’ दाबलं तर? आपोआप थांबवून मुद्रण सुरू करायचं की बटणच निष्क्रिय ठेवायचं, हे तुम्हाला ठरवावं लागेल. मी निष्क्रिय ठेवीन. चुकीच्या क्लिकने जुन्या मुद्रणावर नवं चढण्याची भीती तरी राहत नाही.

दोनशब्द
‘थांबा’ मात्र ‘सुरू होतंय’च्या काळातही चालू ठेवा. अडकलेल्या यंत्रासमोर एकही बटण दाबता येत नाही, हे वापरणाऱ्याला फार असहाय्य करतं.

कोरीपाटी
दोन ग्रुप, एक ईनम, पाच अ‍ॅक्शन. सिलेक्टेड-की नल राहिल्याने अर्धा तास गेलाच, मग ओळीतओळ यांचं वाक्य पुन्हा वाचलं. आज रंगाचा डबा घातला, सहावं साधन. जुन्या पाचांतल्या एकाही ओळीला हात लागला नाही. निवडलेल्या बटणाला जाड कडही दिली. सगळ्यांचे मनापासून आभार.

नादखुळा
कागदावर चार अवस्था लिहिल्या आणि लिहितानाच लक्षात आलं की पाचवी आहे: मुद्रण थांबवल्यावर फाइल लिहून होईपर्यंतचा काळ. तेव्हा ‘ऐका’ दाबलं तर अर्धीच फाइल वाजायची. आता ‘जतन होतंय’ ही अवस्था घातली आहे. आत्ता मायक्रोफोनची वायर काढून ‘मुद्रण’ दाबून पाहिलं. बटण क्षणभर फिकं झालं, परत सुटलं, आणि शेजारी उमटलं: मायक्रोफोन सापडला नाही.